आकृती सात-तीन

"हा डोळा माझा नाही," सात-तीन म्हणाला आणि त्याने पुस्तक संपादिकाबाईंच्या टेबलावर उघडंच आपटलं.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. टेबलभर पुढच्या पुस्तकाची तपासायची पानं पसरलेली, त्यांवर लाल पेनाच्या खुणा, कडेला गार झालेला चहा. या कचेरीतून गेली चाळीस वर्षं एकाच तऱ्हेची पुस्तकं निघत होती. जी मुलं डॉक्टर तर झालेली असतात, पण दुसऱ्याच्या डोळ्याची पापणी वर करताना ज्यांचे हात अजून कापतात, त्यांना डोळा शिकवणारी पुस्तकं. त्यांतलं सगळ्यांत खपणारं म्हणजे हेच, नव्या डॉक्टरांसाठीचं नेत्ररोगांचं हातपुस्तक. नुकतीच सहावी आवृत्ती निघाली होती. पान एकशे बारा.

"नाहीच आहे तुमचा," बाई म्हणाल्या. "आम्ही बदललाय तो."

"बदललाय! बल्ब बदलावा तसा?"

"अहो, बसा तरी आधी."

तो बसला. बसला म्हणजे खुर्चीच्या टोकावर टेकला. भांडायला आलेला माणूस पाठ टेकून बसत नाही.

आता हा माणूस कोण, हे सांगायला हवं. तसा तो कोणीच नव्हता. रंगाच्या दुकानात रंग जुळवण्याचं काम करायचा. लोक भिंतीचा खपला आणायचे, जुन्या दाराची ढलपी आणायचे, 'अगदी असाच द्या' म्हणायचे, आणि हा डब्यात थेंबाथेंबाने रंग मिसळून तस्सा काढून द्यायचा. तीस वर्षं एकच दुकान, एकच स्टूल. पण जन्मापासून त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली गोल नव्हती. खालच्या बाजूला ती ओघळलेली होती, थेट कुलपाच्या भोकासारखी. शाळेत पोरं त्याला 'कुलूप' म्हणायची. फोटो काढायची वेळ आली की आई त्याची मान वळवून उभं करायची. लग्नाच्या वेळी तीन ठिकाणांहून नकार आला. चौथीने होकार दिला, कारण तिला लांबचं नीट दिसत नव्हतं, असं त्याचा मेव्हणा अजून चारचौघांत सांगतो.

एकतिसाव्या वर्षी एकदा डोळ्यात रंगाचा शिंतोडा उडाला म्हणून तो डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेला. तिथल्या शिकाऊ डॉक्टरने त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, आत पाहिलं आणि ओरडलाच, "अरे, या रे सगळे!" दहा मिनिटांत चौदा डॉक्टर रांगेत उभे. जो तो वाकून पाहतोय आणि "वा!" म्हणतोय. शिंतोडा राहिला बाजूला. मग मोठे सर आले, हे पुस्तक लिहिणारे तेच, आणि त्यांनी फोटो काढायला सांगितला. याने परवानगीच्या कागदावर सही केली. पुढच्या वर्षी पुस्तकात तो छापून आला. आकृती ७.३, बुबुळाचा जन्मजात कोलोबोमा, डावा डोळा, रुग्णाच्या परवानगीने.

त्या दिवसापासून हॉस्पिटलात त्याला नाव उरलं नाही. सगळे त्याला सात-तीन म्हणायला लागले. शिपाईसुद्धा! दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांची तोंडी परीक्षा असायची, तिच्यात तपासायला खरे रुग्ण बसवायचे. त्यांना 'केस' म्हणत. सात-तीन बावीस वर्षं केस नंबर चार होता. कोण पोरगा हुशार, कोण नुसताच चुणचुणीत, हे त्याला टॉर्च धरण्यावरून कळायचं. घरी पाच आवृत्त्या खाकी कव्हरं घालून फळीवर ठेवलेल्या. पाहुणा आला की बायको विचारायची, "चहा आधी, की डोळा आधी?"

आणि आता सहाव्या आवृत्तीत हा परका डोळा.

"जुना फोटो काय वाईट होता?" त्याने बाईंना विचारलं.

"जुना फार जुना झाला. मोठा केला की फुटतो. म्हणून तर गेल्या वर्षी नवा काढायला बोलावलं होतं तुम्हाला." बाईंनी संगणकावर दोन डोळे शेजारी-शेजारी आणले. "हा बघा तुमचा. बाहुलीत पांढुरकं दिसतंय? मोतीबिंदू होतोय तुम्हाला. शिकाऊ मुलांना दाखवून पाहिला, त्यांना कळेना, चित्रात बघायचं काय, बाहुलीचा आकार की मोतीबिंदू? आमचा एक साधा नियम आहे. एका आकृतीत एकच गोष्ट दिसली पाहिजे."

"मग दोन गोष्टी शिकतील! फुकटात!"

बाई हसल्या. हसायला नको होतं, असं त्यांनाही लगेच वाटलं असावं. त्यांनी चहा विचारला. त्याने नको म्हटलं.

"हा कोणाचा आहे?" त्याने दुसऱ्या डोळ्याकडे बोट केलं.

"नाव नाही सांगता येणार. तुमचंही आम्ही कधी कोणाला सांगितलं नाही."

तो पुढे वाकला. मधाच्या रंगाचं बुबुळ, त्यातली एकेक रेघ सुटी दिसत होती. बाहुलीची कड स्वच्छ, जणू कात्रीने कापलेली. पापण्या लांब. बाईमाणसाच्या असाव्यात. रंग पारखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला खोटं बोलता येत नाही. डोळा चांगला होता. आपल्यापेक्षा चांगला होता. आणि तेच त्याला झोंबलं.

घरी आल्यावर त्याने पुस्तकाला कव्हर घातलं नाही. जेवताना बोलला नाही. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट उचलायला लागली, तेव्हा म्हणाला, "काढलं मला."

"दुकानातून?" ती दचकली.

"पुस्तकातून."

"मेलं ते पुस्तक! मला वाटलं, काय झालं न् काय नाही." ती पुन्हा बसली. "अहो, सर किती दिवस सांगताहेत, ऑपरेशन करून घ्या. मोतीबिंदू निघेल आणि दोन टाके घालून बाहुली गोल करून देतील. उन्हात डोळे मिटून चालता, ते थांबेल."

"गोल करून देतील!" तो खेकसला. "गोल केली की मी कोण? सांग ना, कोण?"

"माझा नवरा," ती म्हणाली. "आहात तेवढे पुरे आहात."

पण त्याला ते पुरत नव्हतं. बायकोने कितीही चांगलं म्हटलं तरी ते घरचं सर्टिफिकेट. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात तेच. कोण असेल ही? कुठून उपटली? बावीस वर्षं एकाही परीक्षेला दांडी मारली नाही आपण. तापात गेलो, सासऱ्यांच्या आजारपणात गेलो. आणि ही बया एक दिवस येते, फोटो देते आणि सात-तीन होते! जळफळाट म्हणतात तो हाच. दुकानातही लक्ष लागेना. त्यातच एका गिऱ्हाइकाला त्याने पांढऱ्याऐवजी साय-रंगाचा डबा दिला आणि अख्खं छत रंगवून झाल्यावर ते लक्षात आलं. मालक चांगला माणूस. एवढंच म्हणाला, "डोळे तपासून घ्या एकदा." सात-तीनला तेही टोमण्यासारखं लागलं.

मग परीक्षेचं पत्र आलं. त्याने ते उभ्याउभ्याच फोडलं. केस नंबर चारपुढे कंसात एक शब्द वाढला होता: राखीव.

"म्हणजे काय हो?" बायकोने विचारलं.

"म्हणजे जिला बोलावलंय, ती आली नाही किंवा तिचं काही बिनसलं, तर मी."

"मग नका जाऊ. मानाचं नाही ते."

"जाणार," तो म्हणाला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातला तो हॉस्पिटलात हजर. तपासणीच्या मोठ्या खोलीत पडदे लावून सहा खोपे केलेले, प्रत्येकात एक खुर्ची, एक टॉर्च, एक यंत्र. बाहेरच्या बाकावर केस बसायचे. ज्यांच्या डोळ्याचा मागचा पडदा तपासायचा असतो, त्यांची बाहुली थेंब टाकून आधी मोठी करावी लागते. अशांच्या कपाळावर, त्या डोळ्याच्या वर, पांढरी चिकटपट्टी लावतात. सिस्टर बाटली घेऊन येते, पट्टी दिसली की थेंब टाकते आणि पुढे जाते. नाव नाही, गाव नाही, नुसती पट्टी बघायची. वर्षानुवर्षांची पद्धत.

"सात-तीन!" दारातून सिस्टरने हाक मारली.

तो उठला. आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाची एक बाईही उठली.

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. पस्तिशीची असेल. साधी साडी, खांद्याला पिशवी, आणि केस असे विंचरलेले, की डावा डोळा अर्धा झाकला जावा. सिस्टर जीभ चावून म्हणाली, "तुम्ही नाही हो काका. या नव्या सात-तीन." मग बाईला म्हणाली, "तुमची तपासणी साडेसातला, सर स्वतः बघणार आहेत. तोवर बसा."

नव्या! म्हणजे हा जुना झाला. तो परत बसला. कानापर्यंत गरम झालं होतं.

साडेसातला सर आले, बाईचा डोळा पाहिला, कागदावर लिहिलं आणि परीक्षकांना आणायला गेले. जाताना सात-तीनच्या खांद्यावर हात ठेवला. "कधी ठरवताय ऑपरेशन?" याने मान नुसतीच हलवली. सर गेल्यावर ती बाई सरकत सरकत त्याच्या शेजारी आली.

"तुम्हीच ना ते? पुस्तकातले?" ती हळूच म्हणाली. "मी पोस्टात असते, खिडकीवर. मला सरांनी तुमचा फोटो दाखवला होता. म्हणाले, हे बघा, हे बावीस वर्षं येताहेत, घाबरायचं काय त्यात? म्हणून हो म्हटलं मी. नाहीतर मी कोणाला डोळा दाखवत नाही."

"हं," तो म्हणाला.

"मला काही माहीत नाही इथलं. काय करायचं असतं?"

त्याने सांगितलं. आधी सगळं खरंच सांगितलं. हनुवटी टेकवली की दात दाबायचे नाहीत, मान अवघडते. समोरच्या पोराच्या कानाकडे बघायचं, म्हणजे डोळा हलत नाही. आणि मुख्य म्हणजे, बोलायचं नाही. केसने एक अक्षर बोललं तरी परीक्षक चिडतात. ती एकेक गोष्ट लक्ष देऊन ऐकत होती, मधूनच 'बरं' म्हणत होती. बोलताना तिचे केस बाजूला झाले आणि तो डोळा त्याला अगदी जवळून दिसला. फोटोपेक्षाही सुंदर.

शेजारच्या टेबलावर चिकटपट्टीचं रीळ पडलं होतं.

त्यानंतरचं त्याने ठरवून केलं, की हाताने आपोआप झालं, हे त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. आपण म्हणू, ठरवून केलं. त्याने बोटभर पट्टी फाडली. "ही लावतात इथे," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने तिच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, नीट दाबून चिकटवली. "सिस्टर थेंब टाकतील. थोडं चुरचुरेल."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली.

सिस्टर आली, पट्टी पाहिली, पापणी ओढून थेंब टाकला. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. सात-तीन समोरच्या भिंतीकडे पाहत होता. त्याचा हिशोब सरळ होता. थेंबाने बाहुली फाकणार, उजेडाने लहान-मोठी होणार नाही. म्हणजे केस बाद. परीक्षेआधी कोणाच्या तरी ध्यानात येईल, आरडाओरडा होईल आणि 'राखीव कुठाय?' म्हणून हाक येईल. फार तर काय, सिस्टर बोलणी खाईल. तिला ती आज मिळायलाच हवी होती.

पण ध्यानात कोणाच्याच आलं नाही. घंटा झाली. केस खोप्यात जाऊन बसले, राखीवांना पडद्यामागे बसवलं, आणि चौथ्या खोप्यात पहिली उमेदवार आली ती चष्मेवाली डॉक्टर.

ही पोरगी त्याला माहीत होती. मागच्या खेपेला नापास झाली होती आणि जिन्यात बसून रडताना त्याने तिला पाहिलं होतं. गेले दोन महिने दर रविवारी ती त्याला बोलावून त्याच्यावर सराव करायची. "काका, कंटाळलात का?" असं दर पाच मिनिटांनी विचारायची. या खेपेला पास झाली नाही, तर तिला डोळ्यांची शाखा सोडावी लागणार होती. ती याच खोप्यात पहिली येईल, हे काही त्याच्या हिशोबात नव्हतं.

पडद्याआडून त्याला शब्द नि शब्द ऐकू येत होता.

"बाहुलीचा आकार कुलपाच्या भोकासारखा आहे, सर. जन्मजात कोलोबोमा."

"छान," बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. "प्रकाशाला प्रतिसाद?"

टॉर्चचं बटण वाजलं. पुन्हा वाजलं.

"नाही, सर. प्रतिसाद नाही."

"नीट बघा."

"बघितलं, सर. बाहुली मोठी आहे. हलत नाही."

"सकाळी साडेसातला तपासलेली केस आहे ही. इथे लिहिलंय, प्रतिसाद व्यवस्थित. पुन्हा बघा. घाई नको."

टॉर्चचं बटण आणखी एकदा वाजलं. मग ती म्हणाली, "थेंब टाकलेत का यांना? विचारू का?"

"रुग्णाला विचारायचं नाही. तपासून सांगायचं."

"सर..." तिचा आवाज फाटला. "मला नाहीच दिसत प्रतिसाद. मी आहे म्हणून कसं सांगू?"

"आधी एकदा नापास झालाय ना तुम्ही?" परीक्षकांनी विचारलं. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

पोस्टातली बाई गप्प होती. केसने बोलायचं नाही, हे तिला पक्कं शिकवलेलं होतं. कोणी, ते सांगायला नको.

सात-तीन उठला. पडदा बाजूला केला.

"त्या बरोबर सांगताहेत," तो म्हणाला. "थेंब टाकलेत."

"तुम्ही कोण? इथे कसे?"

"राखीव." "पट्टी मी लावली यांच्या कपाळाला. सिस्टरची चूक नाही. माझी जागा गेली, ती मला परत हवी होती म्हणून लावली. हेवा वाटला मला."

गलका ऐकून मोठे सर आले. त्यांना परीक्षकांनी सगळं सांगितलं. सर बावीस वर्षांत याच्याशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, आताही त्यांनी तो चढवला नाही. "तुम्ही?" एवढंच म्हणाले. त्याने मान खाली घातली. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "उमेदवाराचा वेळ गेला. दुसरी केस द्यायला हवी. चार नंबरला राखीव कोण आहे?"

सिस्टर यादी पाहून म्हणाली, "हेच."

झालं! पाहिजे होती ना खुर्ची? घ्या आता. पोस्टातली बाई उठली आणि त्याला जागा देऊन बाजूला झाली. तिच्या कपाळावरची पट्टी अजून तशीच होती. तो खुर्चीत बसला. बावीस वर्षं ज्या खुर्चीत तो ऐटीत बसला, तिच्यात आज त्याला हात कुठे ठेवावे ते सुचेना.

चष्मेवालीने डोळे पुसले, चष्मा लावला, टॉर्च घेतली. हात कापत नव्हते. तिने सावकाश पाहिलं, यंत्रावर पाहिलं, पुन्हा टॉर्चने पाहिलं.

"जन्मजात कोलोबोमा, डावा डोळा. प्रकाशाला प्रतिसाद आहे, खालचा भाग सोडून. शिवाय भिंग पिकलंय, सर. मोतीबिंदू बराच वाढलाय. रुग्णाला उजेडाचा त्रास होत असणार, रंगही नीट कळत नसणार. शस्त्रक्रिया वर्षापूर्वीच व्हायला हवी होती."

"मग का झाली नसेल?"

"ते रुग्णालाच विचारायला हवं, सर."

"विचारा," परीक्षक म्हणाले. "एवढी परवानगी आहे."

ती खाली वाकली. रविवारी बोलायची तसंच बोलली. "काका, का नाही करून घेत तुम्ही ऑपरेशन?"

सहा खोप्यांच्या त्या खोलीत त्याला एकदम फार उघडं पडल्यासारखं वाटलं. खरं उत्तर सगळ्यांनी नुकतंच ऐकलं होतं. ते तो दुसऱ्यांदा सांगू शकत नव्हता.

"करतो," तो म्हणाला. "सही कुठे करायची, सांगा."

बाहेर कडक ऊन होतं. पोस्टातल्या बाईला डावा डोळा उघडवेना. पदराने डोळा झाकून ती फाटकाशी उभी होती. तो तिच्यापासून चार हात लांब थांबला.

"स्टॉपपर्यंत येऊ का?" त्याने विचारलं.

"या."

ते चालू लागले. उन्हाच्या बाजूने तो.

"तुम्ही पट्टी लावलीत ना," ती म्हणाली, "तेव्हा मला वाटलं, किती काळजी घेतोय हा माणूस. सख्खा भाऊसुद्धा एवढी घेत नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझ्या पोटात दुखत होतं," तो म्हणाला.

"कशाने?"

"तुमच्या डोळ्याने."

ती थांबली. तो आता बोलणी खायला तयार होऊन उभा राहिला. पण ती हसायलाच लागली, अगदी डोळ्यातून पाणी येईपर्यंत. ते थेंबांचं पाणी होतं की दुसरं, कोण जाणे.

"पस्तीस वर्षं झाली," ती म्हणाली. "खिडकीवर कोणी आलं की मी मान खाली घालून शिक्के मारते. या डोळ्याची लोकांनी कीव केली, चेष्टा केली, एकाने तर खिडकी बदलून मागितली. पण जळलं कोणी नव्हतं. तुम्ही पहिलेच."

"अजून जळतोय," तो म्हणाला. खोटं कशाला बोलायचं?

"जळा," ती म्हणाली. बस आली तशी ती चढली, आणि वळून पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी सरांनी खुर्ची ओढून त्याच्यापुढे बसत विचारलं, "मोतीबिंदू तर काढूच. बाहुलीचं काय करू? टाके घालून गोल करता येईल, ऊन सोसेल तुम्हाला. नाही केली तरी चालेल, तशीच ठेवतो. तुमचा डोळा आहे."

बायको शेजारी उभी होती. नेहमी मध्ये बोलणारी बाई, या वेळी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली.

"त्या मुलीचं काय झालं?" त्याने विचारलं.

"पास झाली. तुमच्यावरच."

त्याने बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "गोल करा."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात सिस्टरने डोळ्यावरचं पॅड काढलं. दोन दिवस जी चादर त्याला पिवळट वाटत होती, ती पांढरीशुभ्र निघाली. खिडकीतून उजेड येत होता आणि तो सोसत होता. बायको वाकून त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

"कसा दिसतो?" त्याने विचारलं.

"चारचौघांसारखा," ती म्हणाली, आणि मग घाईघाईने, "म्हणजे छान दिसतो हो."

तेवढ्यात शिकाऊ डॉक्टरांची फेरी आली. नवी तुकडी होती. पांढरे कोट, आणि कोटांच्या खिशांतून सहावी आवृत्ती डोकावत होती. त्याच्या नकळत त्याची पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली. पुढच्या पोराने खाटेला अडकवलेला कागद वाचला, टॉर्च मारली, "मोतीबिंदू, कालच झालाय, ठीक आहे," म्हटलं आणि टॉर्च विझवली. सगळे मिळून चार सेकंद.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. त्याच्या डोळ्यात पोरांनी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. सगळी तुकडी तिकडे वळली, एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघू लागली. म्हातारा खुशीत येऊन तोंडभर हसला. सात-तीनच्या पोटात ओळखीची कळ उठली. समोर आता सगळ्यांच्या पाठीच होत्या. दोन खाटांमध्ये एवढ्यांना जागा पुरेना, म्हणून त्याने आपले पाय पोटाशी ओढून घेतले.